वाडा पाडण्याआधी तो मोजा

आपला प्रश्न थोडक्यात असा. सदाशिव पेठेत वडिलोपार्जित वाडा आहे, साधारण सव्वाशे वर्षांचा. मालमत्ता पत्रकावर तीन चुलत भावंडांची नावं. भाडेकरू सात, त्यातले दोघे कुलूप लावून कोथरूडला राहायला गेलेत. बिल्डरचा प्रस्ताव आलेला आहे. धाकटे भाऊ म्हणतात, पाडा आणि मोकळे व्हा. आपल्याला मात्र पेठेत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे उभं राहिलंय ते बघून धीर होत नाही. तेव्हा वाडा वाचतो का, आणि नाहीच वाचला तर नवीन इमारत निदान बरी कशी होईल?

मी आर्किटेक्ट आहे, एकतीस वर्षं याच भागात काम करतो. आजवर एकवीस वाडे स्वतः टेप धरून मोजले. त्यातले चौदा पाडण्यात माझा हात आहे, पाच दुरुस्त केले, दोन अजून कोर्टात आहेत. हे आधीच सांगतो, म्हणजे माझ्याकडून वाडासंस्कृतीवर गहिवरलेलं भाषण निघेल अशी अपेक्षा राहणार नाही.

'पेठा बिघडल्या' हे आपलं वाक्य मला अर्धंच पटतं. पेठा कधी एका जागी थांबल्याच नव्हत्या. शनिवारवाड्याचं काम १७३० मध्ये सुरू झालं आणि पुढच्या काही दशकांत जुन्या कसब्याभोवती एकामागून एक पेठा वसल्या. आपली सदाशिवरावभाऊंच्या नावाची, शेजारची नारायणरावांच्या. नानासाहेबांनी कात्रजहून नळाने पाणी आणलं, ते हौदाहौदांतून पेठांमध्ये पोचलं. पण आज ज्याला आपण सरसकट 'पेशवेकालीन वाडा' म्हणतो तो बहुतेक वेळा पेशवेकालीन नसतो. १८१८ नंतर सरदारांची मिळकत आटली, वाड्यांच्या वाटण्या झाल्या, काही सावकारांकडे गेले. पुढे पुण्यात शाळा, कॉलेजं, कचेऱ्या, छापखाने वाढले. बाहेरगावाहून शिकायला आणि नोकरीला माणसं आली आणि त्यांना बिऱ्हाडं द्यायची म्हणून वाडे बांधले गेले. आपला वाडा याच पिढीतला. पुढच्या चौकात, म्हणजे आतल्या उघड्या अंगणाभोवती, मालक, मागच्या चौकात बिऱ्हाडं, जिना दोघांचा एकच. नळीच्या कौलांच्या जागी मंगलोरी कौलं आली, काही ठिकाणी लाकडी कठड्याच्या जागी बिडाचे कठडे आले. त्या काळच्या म्हाताऱ्यांनीही नाकं मुरडलीच असतील.

नंतर १२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. वाड्याचा तळमजला घडीव दगडाच्या जोत्यावर असतो, पण वरच्या भिंती बऱ्याचदा कच्च्या विटांच्या, म्हणजे उन्हात वाळवलेल्या मातीच्या. पाण्याच्या लोंढ्याने काही वाडे गेले, आणि लोंढ्याला टिकलेल्या काही वाड्यांच्या भिंती पाणी ओसरल्यावर बसल्या, कारण माती आतून भिजली होती. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार या पेठांच्या नदीकडच्या बाजूला आज जुनं फारसं दिसत नाही, त्याचं हे एक मोठं कारण. पेठेत आरसीसी इमारती उभ्या करण्याची भीड त्यानंतर चेपली. १९७० साली अपार्टमेंटचा कायदा आला, मालकीचे फ्लॅट विकणं रूढ झालं आणि 'वाडा पाडून सोसायटी' हा आपल्या ओळखीचा प्रकार सुरू झाला.

म्हणून पेठेचं रूप बदललं ही माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तळमजल्याची. लोक उंचीबद्दल बोलतात, मला उंचीचं फारसं वाटत नाही. पाच मजली इमारतीच्या पायथ्याशी ओटा असेल, एखादं दुकान असेल, आतला चौक रस्त्यावरून डोळ्यांना लागत असेल, तर ती पेठेत खपून जाते. तीन मजली इमारतीच्या पायथ्याशी नुसते खांब आणि त्यांच्यामध्ये चाळीस दुचाक्या असतील तर रस्त्याचा तेवढा तुकडा मेला म्हणून समजा. रात्री नऊनंतर आपल्याच गल्लीतून एक फेरी मारून बघा. उजेड कुठे आहे आणि अंधार कुठे आहे, एवढंच बघा.

तळमजला असा का होतो? बिल्डरला अक्कल नसते म्हणून नव्हे. त्यामागे सरळ हिशेब आहे आणि तो समजला तर आपल्याला त्याच्याशी नीट बोलता येईल.

एक, रस्तारुंदीची रेषा. महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची रेषा आखलेली असते. जुना वाडा उभा आहे तोवर त्याला कुणी हात लावत नाही, पण पाडून बांधायला घेतला की नवीन इमारत त्या रेषेच्या आत सरकवावी लागते आणि सुटलेली जागा रस्त्यात जाते. मोबदला एफएसआयच्या, म्हणजे मंजूर बांधकामक्षेत्राच्या, रूपात मिळतो, त्यामुळे मालकाचं फार बिघडत नाही. बिघडतं ते रस्त्याचं. प्रत्येक वाडा आपल्या सवडीने पडतो, त्यामुळे पन्नास वर्षं झाली तरी रस्ता सलग रुंद होत नाही. एक इमारत दहा फूट आत, शेजारचा वाडा बाहेर, पुढची परत आत. त्या आतल्या खाचेत ट्रान्सफॉर्मर बसतो, फ्लेक्सचा सांगाडा उभा राहतो, गणपतीचा मांडव पडतो. चालणाऱ्या माणसाला त्यातला एक फूटही मिळत नाही.

दोन, जागेचा आकार. आपण आपल्या वाड्याची दर्शनी रुंदी लिहिलेली नाही, पण सदाशिव पेठेतला असल्यामुळे मी अंदाज करतो: पुढून पंचवीस ते पस्तीस फूट, आत लांबी शंभर फुटांच्या वर. असा लांबट तुकडा वाड्यालाच शोभतो, कारण वाड्याच्या आडव्या बाजूंना खिडक्या लागतच नाहीत. दोन्हीकडे शेजाऱ्याच्या भिंती. उजेड, वारा, पाऊस सगळं वरून, चौकातून. त्याच तुकड्यावर फ्लॅट बसवायला घेतले की प्रत्येक खोलीला बाहेरची खिडकी हवी. बाजूला जागा सोडावी तर तीस फुटांतून उरतं काय? आणि रस्ता अरुंद असल्यामुळे उंचीवर मर्यादा. मंजूर क्षेत्र वर जाऊन संपवता येत नाही, म्हणून ते आडवं पसरतं. पसरायला मध्ये एकच मोकळी जागा असते, चौक. मग तो आक्रसत आक्रसत पाच बाय सहाचा राहतो, त्यात ड्रेनेजचे पाइप येतात, एक्झॉस्ट फॅन येतात, कबुतरं येतात. वाड्याच्या चौकाचा डक्ट झाला, एवढ्या चार शब्दांत पेठेचा गेल्या चाळीस वर्षांचा वास्तुइतिहास मावतो.

तीन, पार्किंग. ते कुठे तरी बसवावंच लागतं. तळघर खणावं तर पुण्याचा काळा पाषाण फारसा खोल नसतो, आणि शेजारचा वाडा मातीच्या भिंतींवर उभा असताना तिथे ब्रेकर चालवायचा म्हणजे रोज सकाळी शेजाऱ्याच्या भिंतीला गेलेला नवा तडा बघायला जायचं. त्यामुळे पार्किंग तळमजल्यावर येतं. यात एक फट आहे आणि ती फार कमी लोक वापरतात: लहान फ्लॅटना पार्किंगची अट कमी असते. सगळे फ्लॅट दोन-तीन बेडरूमचे केले तर तळमजला आख्खा गाड्यांना जातो. काही फ्लॅट मुद्दाम लहान ठेवले, तसेही भाडेकरूंना द्यायचे फ्लॅट लहानच असतात, तर दर्शनी भागात दोन दुकानं आणि एक मोकळी देवडी, म्हणजे दारालगतची ओसरी, निघते. २०२४ च्या सप्टेंबरपासून कसबा पेठ आणि मंडईला मेट्रो थांबते. आपल्याकडून मंडई चालत गाठता येते. पेठेतल्या प्रत्येक घराला दोन गाड्या असल्याच पाहिजेत हे गृहीतक बिल्डरला एकदा विचारून तरी बघा. दुकानाचा दर त्याला तोंडपाठ असतो, तो लगेच हिशेब मांडेल.

आता वाचवण्याबद्दल.

वाडा वाचतो की नाही हे त्याच्या खांबांच्या पायाशी ठरतं. वरची नक्षी, महिरप, कडीपाट बघून कुणी 'छान आहे हो, ठेवा' म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. माझ्याबरोबर एक जुने सुतार येतात, त्यांची पद्धत अशी. आधी हातोडीच्या दांड्याने खांब खालून वर ठोकत जायचं. निरोगी सागवान खणखणीत बोलतं, आतून पोकळ झालेलं भदभद वाजतं. मग खांब जिथे तळखड्यावर, म्हणजे पायाच्या दगडावर, टेकतो तिथली चार बोटं जागा पटाशीने खरवडायची आणि दाभण खुपसायचं. दाभण पाव इंच जाऊन थांबलं तर पुढचा खांब. एकदा शुक्रवार पेठेतल्या एका खांबात ते मुठीपर्यंत गेलं. वरून खांब बघाल तर ऑइलपेंट मारलेला, चकचकीत, वर सुबक हस्त, म्हणजे तुळई पेलणारे लाकडी आधार, त्यावर तुळई जागच्या जागी. आणि खाली लाकडाचा नुसता भुसा, रंगाच्या थराने धरून ठेवलेला. त्या खोलीत तेव्हा एक आजी कुकर लावत होत्या. आम्ही काही न बोलता दोन टेकू मागवले.

खांब कुजतो कशाने? वय हे उत्तर नव्हे. सागवानाला दीडशे वर्षं काही होत नाही. कुजवतात दोन गोष्टी, आणि दोन्ही आपणच केलेल्या. पहिली, वरच्या मजल्यावरची मोरी. मूळ वाड्यात पाण्याचं सगळं काम खाली, आडाच्या किंवा हौदाच्या आसपास. पुढे बिऱ्हाडं वाढली, प्रत्येकाला स्वतःची मोरी हवी झाली, मग संडासही. लाकडी कड्यांवर, म्हणजे मजला पेलणाऱ्या आडव्या लाकडांवर, मातीचा थर, त्यावर शहाबादी फरशी, तिच्या सांध्यांतून पाणी वर्षानुवर्षं थेंब थेंब झिरपत कडीच्या भिंतीतल्या टोकापर्यंत. कडी मधोमध शाबूत आणि टोकाला गेलेली, हे दृश्य मी इतक्या वेळा बघितलंय की आता मोरीखालचंच छत आधी उघडायला सांगतो.

दुसरी गोष्ट सिमेंटचा गिलावा. इथे माझीच चूक सांगतो. १९९० च्या दशकात एका वाड्याच्या तळमजल्याच्या भिंतींचा चुन्याचा गिलावा फुगला होता, माती गळत होती. मालकीणबाई म्हणाल्या, कायमचं काही तरी करा. मी सिमेंटचा गिलावा करून दिला, पक्का, गुळगुळीत. बाई खूश, मीही खूश. भिंतीत लाकडी खांब पुरलेले असतात आणि जमिनीतली ओल माती-चुन्यातून हळूहळू बाहेर उडून जात असते, हे मला पुस्तकातून माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. सिमेंटने ती वाट बंद केली. ओल आतच राहिली, वर चढली, आणि चौथ्या पावसाळ्यानंतर पहिल्या मजल्याच्या पातळीला गिलाव्याला फुगवटा आला. फोडून बघितलं तर खांबाला वाळवी. सत्तर-ऐंशी वर्षांत गेला नव्हता तो खांब मी चार पावसाळ्यांत घालवला. तो बदलण्याचा खर्च मी स्वतः केला. त्याने खांब परत आला, बाईंचा विश्वास काही परत आला नाही.

तेव्हा आपल्या वाड्यात किती भिंतींवर सिमेंट चढलंय आणि वर किती मोऱ्या आहेत, हे मोजा. या दोन आकड्यांवरून मला बसल्या जागी सत्तर टक्के अंदाज येईल.

यासाठी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यालच, पण लाकूड समजणाऱ्या माणसाकडून. मागे एका वाड्याचा अहवाल माझ्या हाती आला, त्यात 'काँक्रीटचे आवरण निखळले असून सळया गंजलेल्या आढळल्या' असं लिहिलं होतं. त्या वाड्यात काँक्रीट नावाला नव्हतं. जुन्या अहवालातला परिच्छेद तसाच उचललेला. पण त्याच कागदावर वाडा अतिधोकादायक ठरला आणि महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ ची, म्हणजे धोकादायक बांधकामाची, नोटीस निघाली. मे महिना आला की अशा नोटिसा निघतात. त्यातल्या बऱ्याच खऱ्या असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करणं म्हणजे जिवाशी खेळ. काही मालकाच्या सोयीच्या असतात, हेही पेठेत कुणाला नवीन नाही.

भाडेकरूंकडे येतो. इथे दोन्ही बाजू एकमेकांना खलनायक समजतात आणि दोघांचंही चुकतं. मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याला प्रमाण भाडं धरलं. महागाई वाढत गेली, भाडं गोठलेलं. १९९९ चा कायदा आल्यावर वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली, पण चार टक्के कशाचे? चाळीस रुपयांचे. महिन्याला तीन-चारशे रुपये एकूण भाडं येणाऱ्या वाड्याची मालकाने दरवर्षी कौलांची शाकारणी करावी, वाळवीचं औषध मारावं, ही अपेक्षा कशी करायची? आणि साठ वर्षं त्या खोलीत संसार केलेल्या, स्वतःच्या पैशाने फरशी बदललेल्या माणसाने हूं की चूं न करता निघून जावं, ही तरी कशी? या दोघांच्या मध्ये छप्पर गळत राहिलं. पेठेतल्या वाड्यांचा खरा शत्रू बिल्डर नव्हे, हे गळकं छप्पर. बिल्डर शेवटी येतो.

पाडून बांधायचं म्हणून कायद्याने ताबा मागता येतो, पण भाडेकरूला नव्या इमारतीत जागा द्यावी लागते. म्हणून माझा सल्ला दोन्ही बाजूंना एकच असतो: कुणीही खोली सोडण्याआधी प्रत्येक खोलीचं मोजमाप नकाशावर घ्या, सातही जणांच्या आणि तिन्ही मालकांच्या सह्या घ्या, महापालिकेकडे नोंदवून ठेवा. कोथरूडला गेलेल्या दोघांच्याही. ते आज शांत आहेत, करार व्हायच्या दिवशी हजर होतील. कागदावर मोजमाप नसताना वाडा उतरवला की भाडेकरूच्या हातात वीजबिल आणि आठवणी एवढंच उरतं, आणि मालकाच्या मागे वीस वर्षांची तारीख लागते. कोर्टात असलेले माझे दोन्ही वाडे याच एका कागदाअभावी तिथे आहेत. एक तर पडूनही गेला, खटला उभा आहे.

नगर भूमापनाची मोजणीही नव्याने करून घ्या. मालमत्ता पत्रकावरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र पेठेत क्वचितच जुळतं, कारण मधल्या भिंती सामाईक असतात. त्यात आणखी एक भानगड आहे. शनिवार पेठेत आम्ही एक वाडा उतरवत होतो. उत्तरेची भिंत उघडी पडली तेव्हा तिच्यातून आमच्या बाजूला अकरा कड्यांची टोकं डोकावताना दिसली. शेजारच्या वाड्याच्या. म्हणजे त्यांचा आख्खा पहिला मजला आम्ही पाडायला घेतलेल्या भिंतीवर टेकलेला होता आणि शंभर वर्षांत कुणाला पत्ता नव्हता. काम दोन महिने थांबलं, लोखंडी चौकट उभी करून त्यांचा मजला पेलला, मग भिंत काढली. त्याच वाड्याच्या पायात खापरी नळाचे तुकडे निघाले, कात्रजच्या पाण्याचे असावेत. मुकादमाने ते बाजूला रचून ठेवले होते, दुसऱ्या दिवशी बघतो तर राडारोड्याबरोबर गेलेले.

वाडा पाडायला पैसे द्यावे लागत नाहीत, उलट पाडणारा कंत्राटदारच आपल्याला पैसे देतो, हे ऐकलं असेलच. त्याचा डोळा सागवानावर असतो. खांब, तुळया, दिंडीदरवाजा जुन्या लाकडाच्या बाजारात जातात आणि तिथून एखाद्या हायवेवरच्या हॉटेलात. हा सौदा करायच्या आधी कुठलं लाकूड नव्या इमारतीत वापरायचं ते खुणा करून ठेवा. कंत्राटदार म्हणेल, सगळं किडकं आहे. किडकं असतं तर त्याने पैसे दिले नसते.

तर पर्याय कोणते? पूर्ण दुरुस्ती तेव्हाच शक्य होते जेव्हा मालक एक किंवा एकमताचे असतात, भाडेकरू थोडे असतात, आणि वाड्यात मिळकतीचा काही धंदा बसतो. माझ्या पाचांतले तीन या प्रकारचे. एकात अभ्यासिका आहे, एकात नाचाचा क्लास, एकात मालक स्वतः राहतात आणि दर उन्हाळ्यात मला फोन करून खर्चाबद्दल ओरडतात. खांबाचा कुजलेला पाय कापून नवीन लाकडाचा सांधा देता येतो, कडीचं गेलेलं टोक बदलता येतं, चुना मळणारे कारागीर अजून मिळतात. तंत्र अवघड नाही. दर वर्षी लक्ष देणं अवघड आहे. तीन चुलत भावंडं आणि सात भाडेकरू ही आपली स्थिती बघता पूर्ण दुरुस्ती निभेल असं मला वाटत नाही, आणि खोटी आशा दाखवायची नाही.

महापालिकेच्या वारसा यादीत वाडा आहे का, हे मात्र आधी तपासा. असेल तर सगळाच हिशेब बदलतो: परवानगीची वाट वेगळी, आणि न वापरलेल्या क्षेत्राच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, मागता येतो. शनिवारवाड्याच्या आसपासच्या लोकांचं तर आणखीच वेगळं. २०१० च्या केंद्रीय कायद्यातल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवीन बांधकाम बंद, पुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीने. तिथले काही वाडे धड दुरुस्त होत नाहीत, धड नव्याने बांधता येत नाहीत. आपण त्या कक्षेच्या बाहेर आहात, एवढं नशीब.

माझ्या मते आपल्यासाठी मधला मार्ग बघण्यासारखा आहे. पाचांतले उरलेले दोन वाडे मी तसे केले. रस्त्याकडची बाजू, म्हणजे दिंडीदरवाजा, देवडी, तिच्या दोन्ही अंगांचे खण आणि वरचा सोपा (ओसरीसारखी मोकळी जागा), एवढं ठेवायचं आणि दुरुस्त करायचं. पुढचा चौक ठेवायचा. मागचा चौक आणि मागची चाळवजा बाजू पाडून तिथे नवीन इमारत. पुढचा भाग पाडलेला नसल्यामुळे रस्तारुंदीचा प्रश्न लांबतो, आणि मागच्या इमारतीला चौकातून खरा उजेड मिळतो. मालकाला पुढच्या भागाचं व्यापारी भाडं मिळतं. गैरसोयही सांगतो: मागच्या इमारतीपर्यंत अग्निशमनाची वाट दाखवावी लागते, दिंडीदरवाजातून गाडी जात नाही, आणि बिल्डरचे निदान दोन फ्लॅट कमी होतात. त्यामुळे दहातले आठ बिल्डर पहिल्या भेटीत नाही म्हणतील. उरलेल्या दोघांशी बोलायचं.

तेही जमलं नाही आणि सगळंच पाडायची वेळ आली, तर करारात नक्षी मागू नका, चौक मागा. हल्ली आरसीसीच्या इमारतीला पुढून फायबरच्या महिरपी चिकटवतात, नाव देतात 'अमुक वाडा', आणि आत चौकाच्या जागी लिफ्टची मशीनरूम. त्या महिरपीचा उपयोग शून्य. त्याऐवजी निदान पंधरा बाय पंधरा फुटांचा, आभाळापर्यंत मोकळा चौक नकाशात दाखवायला लावा. जिना त्याच्या कडेने फिरवा, म्हणजे येता-जाता माणसं एकमेकांना दिसतील. आकाशाला उघडा चौक एफएसआयमध्ये धरला जात नाही, तो फक्त तळमजल्याची जागा खातो. तेव्हा 'क्षेत्र वाया जातं' असं कुणी म्हणालं तर नकाशावर पेन्सिल ठेवून कुठलं ते दाखवायला सांगा. आणि दर्शनी दहा फुटांत पार्किंग नको, हे वाक्य शब्दशः लिहून घ्या. त्यात दुकानं, ओटा, देवडी काहीही येऊ दे. जुन्या घडीव दगडांच्या जोत्याचे चिरे तिथे पुन्हा लावता येतात, ते कुठेही जाण्याआधी क्रमांक टाकून ठेवायचे.

भावाशी भांडू नका. ते चुकीचं बोलत नाहीत, फक्त घाईत आहेत. त्यांना सांगा की मोजणी, भाडेकरूंचा नकाशा आणि लाकडाची तपासणी ही तीन कामं वाडा पाडायचा ठरला तरी करावीच लागणार आहेत, आणि तिन्ही मिळून फार तर चार महिने लागतात. तोवर बिल्डरच्या कुठल्याही कागदावर, अगदी 'नुसतं संमतिपत्र आहे हो' म्हणाला तरी, सही नको.

पत्रावरची तारीख एप्रिलची आहे. म्हणजे पावसाळ्याआधी हातात पाच-सहा आठवडे आहेत. शाकारणी करून घ्या, पन्हळी साफ करा, आणि वरच्या मजल्यावर कुलूपबंद असलेल्या त्या दोन बिऱ्हाडांच्या मोरीचे नळ मुख्य कॉकपाशी बंद आहेत का ते स्वतः जिना चढून बघा. बंद खोलीतला ठिबकणारा नळ कुणाच्या लक्षात येत नाही. त्यांच्या खालच्या खोलीचं छत मला आधी बघायचंय.